छातीवर बसलेला जॉबर

आधी माझ्या चुकीची दुरुस्ती. मागच्या अंकात मी लिहून बसले की स्वप्नांची झोप रात्रीच्या सुरुवातीला जास्त असते. उलटं आहे. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात गाढ झोप जास्त, आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. जुळे सोलापुरातल्या एका नर्सताईंनी पोस्टकार्डावर दोन ओळींत माझा कान धरला: ‘मॅडम, पहाटेची स्वप्नं खरी होतात म्हणतात. ती लक्षात राहतात म्हणूनच ना?’ अगदी म्हणूनच. मध्यरात्रीची खोटी ठरलेली स्वप्नं कुणाला आठवतच नाहीत. एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवून ही चूक झाली, तेव्हा लाज वाटली. आता पत्रांकडे.

‘मी २७ वर्षांचा आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीला सकाळी साडेआठला झोपतो. गेल्या चार महिन्यांत सहा-सात वेळा असं झालं की जाग येते, खोली दिसते, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, बाहेर आजी शेजारणीशी तेलुगूत बोलतेय तेही ऐकू येतं, पण हातपाय हलत नाहीत. ओरडायला जातो तर आवाज नाही. कपाटापाशी कुणीतरी उभं असतं. तोंड दिसत नाही. मग ते छातीवर येतं. आजी म्हणते, दय्यम आहे, म्हणजे भूत. एका बाबाकडे नेलं, त्यानं दंडाला दोरा बांधला आणि लग्नाआधी २१ हजारांची पूजा सांगितली. लग्न मार्गशीर्षात आहे. मित्राला सांगितलं तर म्हणतो, काय बे, बायकोच्या आधी भूतच आलं का? मी वेडा होतोय का? होणाऱ्या बायकोला हे सांगू का?’
(रातपाळीवाला, पूर्व भाग)

तुझ्याहून मोठी मुलं माझ्या हाताखालून गेलीत, म्हणून तुला अरे-तुरे करते, राग मानू नकोस. वेडा होत नाहीयेस. तुला जे होतंय त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि ते मी वयाच्या सातव्या वर्षी पाहिलंय. नाव तेव्हा माहीत नव्हतं.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. तिसरी पाळी करून सकाळी यायचे, चहात बुडवून कडक भाकरी खायचे आणि चाळीतल्या आमच्या एका खोलीत पडदा ओढून झोपायचे. आई दाराशी ज्वारी निवडत बसायची. कधीकधी पडद्यामागून आवाज यायचा, ओरडणं नव्हे, बंद तोंडातून यावी तशी घुरघुर. आई सुपावरची नजरही न उचलता म्हणायची, ‘जा गं, बाबांचा अंगठा दाब.’ मी जाऊन त्यांच्या पायाचा अंगठा जोरात दाबायची. ते दचकून उठून बसायचे. घामानं बनियन चिकटलेलं. पाणी मागायचे. एकदा मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाले, ‘जॉबर आला होता. उशाशी उभा राहून म्हणतो, तुझा खाडा मांडतो.’ जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम.

पुढे एम.ए.ला झोपेवरचं प्रकरण वाचताना मला तो अंगठाच आठवत होता.

आता हे होतं कसं ते बघ. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्यानं आणि त्याचे प्राध्यापक नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक वेळानं डोळे पापण्यांखाली झरझर फिरतात आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. (असेरिन्स्कीनं सुरुवातीचे प्रयोग आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून केले. घरचं पोर फुकट मिळतं.) या झोपेला आरईएम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासानं ती येते. तिच्यात मेंदू जवळजवळ जागेपणीइतका धावत असतो, मात्र अंगाचे स्नायू सैल सोडलेले असतात. मेंदूच्या देठातून खाली मणक्याकडे निरोप जातो आणि हातापायांच्या तारा तात्पुरत्या तोडल्या जातात. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. हे तुझ्या भल्यासाठीच आहे. फ्रान्समध्ये लियोंला मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला हा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून, नसलेल्या शिकारीवर झडप घालू लागली. ही सोय नसती तर स्वप्नात तू माग चालवला असतास आणि शेजारी झोपलेल्या भावाचं नाक फोडलं असतंस.

तुझ्या बाबतीत गडबड एवढीच होते की जाग आधी येते आणि तारा जोडायला उशीर होतो. कारखान्यात लाइट आली, मशीनचा पॅनल पेटला, पण क्लच लागलाच नाही, तसं. काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटं. खोली दिसते ती खरी, आजीचं तेलुगू खरं, आणि कपाटापाशी उभं आहे ते स्वप्नातलं, जे अजून पुरतं गेलेलं नाही.

छातीवरचा भार कुठून येतो? आरईएम झोपेत बरगड्यांमधले स्नायूही सैल असतात, श्वास उथळ आणि वेडावाकडा चालतो. तू घाबरून खोल श्वास ओढायला जातोस, छाती हलत नाही. मेंदू त्याचा अर्थ लावतो: वर कुणीतरी बसलंय. उताणं झोपणाऱ्यांना हे जास्त होतं.

आणि तो उभा असलेला? २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका तरुणीच्या तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागे, एका जागी सौम्य वीज सोडली. तिला लगेच वाटलं, मागे कुणीतरी आहे, सावलीसारखं. ती आडवी असेल तर ते खाली आडवं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली तर त्यानं मागून तिला मिठी मारली. हातात वाचायला कार्ड दिलं तर म्हणाली, त्याला ते काढून घ्यायचंय. वीज बंद, माणूस गायब. आपलं शरीर कुठं आहे याचा हिशेब मेंदूचा तो भाग ठेवतो. हिशेब चुकला की आपलीच एक जास्तीची प्रत खोलीत उभी राहते. तुझ्या भीतीनं जाग्या झालेल्या मेंदूला मग तिला काहीतरी नाव द्यावंच लागतं. जपानात त्याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे लोखंडानं बांधल्यासारखं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर ती एक म्हातारी असते. कंबोडियात दाबणारं भूत. इंग्रजीतल्या नाइटमेअरमधला ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, छातीवर बसणारी एक जुनी पिशाच्ची. तुझ्या आजीकडे दय्यम आहे. माझ्या वडिलांकडे जॉबर होता, कारण त्यांना भुताची नव्हे, खाड्याची भीती होती.

तू एकटा नाहीस. २०११ साली ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शंभरातल्या सात-आठ माणसांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं निघालं. विद्यार्थ्यांमध्ये तर शंभरात अठ्ठावीस. झोपेचं वेळापत्रक ज्यांचं मोडलेलं असतं त्यांना जास्त. तुझं तर दर आठवड्याला उलटतं. शरीराचं घड्याळ सकाळी आरईएम झोपेकडे झुकलेलं असतं, तू नेमका तेव्हाच थकून पडतोस, मग ती झोप पटकन, जागेपणाला चिकटूनच येते. त्यात पत्र्याची खोली, तापलेली दुपार, दर पंधरा मिनिटांनी जाग. दारं उघडीच राहिल्यावर या खोलीतलं त्या खोलीत शिरणारच.

काय करायचं? उताणा झोपू नकोस, पाठीशी उशी लाव म्हणजे कूस राहील. रातपाळीच्या आठवड्यातही एक ठरलेली वेळ धर, खिडकीला जाड काळं कापड लाव. तुझ्याच कारखान्यात रिजेक्ट माल पडलेला असेल. पहाटे चारनंतर चहा नको. त्यातली तरतरी निम्मी उतरायलाच पाच-सहा तास लागतात. आणि प्रसंग आलाच तर सगळं अंग उचलायला जाऊ नकोस. जितका झगडशील तितकी छाती दाबल्यासारखी होते. मनात म्हण, ‘आलास का जॉबर,’ डोळे इकडून तिकडे फिरव, आणि एकाच गोष्टीवर जोर लाव: पायाचा अंगठा. तो हलला की बाकीचं सुटतं.

डॉक्टरकडे कधी? दिवसा मागापुढे उभ्या उभ्या झोप कोसळत असेल किंवा मोठ्यानं हसल्यावर गुडघे लटपटत असतील, तर तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो, त्यावर औषध आहे. तसंच झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर. नुसतंच हे होत असेल तर नको.

दंडावरचा दोरा राहू दे, आजीला झोप लागेल. २१ हजार मात्र देऊ नकोस. आणि होणाऱ्या बायकोला नक्की सांग, लग्नाआधीच सांग. पुढे अंगठा तिलाच दाबायचाय.

‘मला स्वप्नंच पडत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?’
(एक विद्यार्थिनी, साखर पेठ)

पडतात. आठवत नाहीत. शिकागोच्या त्याच अभ्यासात डोळे फिरत असताना २७ वेळा माणसांना उठवलं, त्यात २० वेळा त्यांनी सविस्तर स्वप्न सांगितलं. तू बहुतेक अलार्म वाजला की ताडकन उठून मोबाइल बघणाऱ्यांपैकी आहेस. रविवारी अलार्म न लावता झोप, जाग आली की डोळे न उघडता, कूस न बदलता मिनिटभर पडून राहा. उशाशी वही ठेव. चार रविवारांत काहीतरी सापडेल. न सापडलं तरी अभ्यासाचं काही बिघडत नाही.

‘कोजागरीला आम्ही बहिणी सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो. यंदा तामलवाडीच्या पुढे, पहाटे चारच्या सुमाराला, माझी आई माझ्या पुढे चालताना दिसली. तिचं हिरवं लुगडं, हातात तीच वायरची पिशवी. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी तिच्या मागे चार-पाच पावलं गेले असेन, तेवढ्यात बहिणीनं दंड धरून ओढलं. मी रस्त्याच्या मधे गेले होते, मागून ट्रक. देवीनं दर्शन दिलं की माझं डोकं फिरलं? बहीण म्हणते कुणाला सांगू नकोस.’
(वय ४४, विजापूर रोड)

वायरची पिशवी वाचून मला माझ्या आईची आठवण आली. प्लॅस्टिकच्या वायरीची, लाल-पांढरी, चौकटीची?

डोकं फिरलेलं नाही. तुम्ही चालता चालता झोपला होतात. ही झोप तीन-चार सेकंदांची असते, डोळे उघडे राहू शकतात, पाय सवयीनं चालत राहतात. आदल्या सकाळी सहाला उठला असाल तर तेव्हा बावीस तास झाले होते, आणि पहाटे तीन ते पाच ही शरीराच्या घड्याळाची सगळ्यात खालची पायरी. मेंदू एकदम सगळा झोपतो असंही नाही. उंदरांना जागं ठेवून मेंदूतल्या पेशी तपासल्या तर उंदीर हिंडतोय-फिरतोय आणि काही पेशी मधूनच झोपल्यासारख्या गप्प होतायत असं दिसलं. २०११ सालचं काम आहे हे. १९६३ संपून १९६४ लागताना अमेरिकेत रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या प्रयोगासाठी अकरा दिवस जागला. चौथ्या दिवशी त्याला रस्त्यावरच्या पाटीच्या जागी माणूस दिसला. तुम्हाला कदाचित पुढे चालणाऱ्या कुणा बाईचं हिरवं लुगडं दिसलं असेल, बाकीची आई तुमच्या मनानं पुरी केली.

ती देवीनं पाठवली की मनानं, हे ठरवायला तुम्ही मला पत्र लिहायची गरज नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला तर या वारीतली दुसरीच गोष्ट फार आवडते. तुळजाभवानी स्वतः वर्षातून तीनदा पलंगावर झोपते. नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. लढून दमली म्हणून दसऱ्यापासून पौर्णिमेपर्यंत तिची विश्रांती. म्हणजे देवी झोप पुरी करून उठते त्या पहाटे आपण सगळे सोलापूरकर तारवटलेल्या डोळ्यांनी तिच्या दारात उभे. तिला काय वाटत असेल!

बहिणीचं ऐकू नका, सांगा सगळ्यांना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे परतीची जीप कोण चालवतं ते विचारा. ऑस्ट्रेलियात १९९७ साली मोजून पाहिलं: चोवीस तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष, रक्तात ०.१० टक्के दारू असलेल्या माणसाइतकं चुकतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. चालत गेलेल्या पोराला ‘तू फ्रेश दिसतोस’ म्हणून चावी देऊ नका. दिसणं आणि असणं यात काय फरक असतो ते तुम्ही तामलवाडीला पाहिलंय.

‘सासूबाईंच्या अंगात येतं. सासरे गेल्यावर, दीड वर्षापूर्वी सुरू झालं. मंगळवारी आरती चालू झाली, टाळ्या वाढल्या की घुमायला लागतात, केस सुटतात. मग बोलतात. यजमान पाया पडतात, शेजारच्या बायका ओटी भरतात. मला वाटतं त्या नाटक करतात. मी बी.एस्सी. आहे. मी काय करू?’
(एक सून, दमाणी नगर)

बी.एस्सी. बाजूला ठेवा थोडा वेळ. मी एम.ए. होते, नुकती नोकरीला लागलेली, आणि आमच्या चाळीतल्या एका बाईच्या अंगात आलं तेव्हा सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, ‘हे नाटक आहे.’ ती बाई थांबली. माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरून घरात गेली. माझ्या आईशी ती पुढे कधीच बोलली नाही. तिचा मुलगा त्याच महिन्यात वारला होता. मला हे माहीत होतं, आणि तरी मी बोलले.

‘देवी’ आणि ‘नाटक’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे. ठेका, टाळ्या, गर्दी, धूप, उपाशी पोट, एका ठिकाणी बांधलेलं लक्ष, यानं भान आखडतं. नेहमीचा ‘मी’ मागे सरकतो आणि लहानपणापासून पाहिलेली एक भूमिका पुढे येते. माणूस ती ठरवून करत नाही, पण ती कशी करायची हे त्याला शिकवावंही लागत नाही. गड्ड्याच्या जत्रेतल्या पोरीलाही माहीत असतं. एरिका बूर्गिन्यों या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली जगभरातल्या ४८८ समाजांचा हिशेब मांडला. नव्वद टक्के समाजांत भान बदलण्याची अशी काही ना काही रूढ पद्धत सापडली. त्यामुळे आजारांची जागतिक यादी, जिची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे, तीसुद्धा समाजानं मानलेल्या धार्मिक रीतीत अंगात येण्याला आजार म्हणत नाही. नको असताना येतं, आवरत नाही, त्रास होतो, रोजचं जगणं अडतं, तेव्हाच आजार.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: त्या बोलतात काय? पुढच्या मंगळवारी घुमण्याकडे बघू नका, शब्द ऐका. दीड वर्षापूर्वी नवरा गेला. त्यानंतर हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं असेल, किल्ल्या तुमच्याकडे आल्या असतील, मुलगा कामावरून येऊन तुमच्याशी बोलत असेल. आठवड्यातून एकच वेळ अशी की मुलगा पाया पडतो आणि शेजारणी ओटी भरतात. एरवी विधवेची ओटी कोण भरतं? मी असते तर मीही मंगळवारची वाट पाहिली असती.

म्हणून मंगळवारी काही करू नका, बुधवारी करा. भाजी कुठली करू ते त्यांना विचारा. सासऱ्यांचा विषय काढा. पुढच्या हळदीकुंकवाला त्यांना बसवा आणि कुंकू तुम्ही लावा. नाकं मुरडतील त्यांना मुरडू द्या. अंगात येणं कमी झालं तर ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणून दाखवू नका.

मात्र आरतीशिवाय, कधीही येऊ लागलं, तोंडाला फेस, कपड्यात लघवी, नंतर बराच वेळ ओळख न पटणं, असं काही दिसलं तर ती फीट असू शकते, थेट मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. जेवणखाण, झोप सुटली, मरणाचं बोलू लागल्या तर मानसोपचारतज्ज्ञाकडे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि कुणी भूत उतरवतो म्हणून मारायला, बांधून ठेवायला सांगितलं तर तो महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे यजमानांनाही वाचून दाखवा.

‘मांडुक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. सुषुप्तीत, म्हणजे स्वप्नही नसलेल्या झोपेत, ‘मी’ कुठे असतो? मानसशास्त्र काय म्हणते?’
(निवृत्त बँक कर्मचारी, वय ७१, सिद्धेश्वर पेठ)

काका, तुम्ही दर तीन महिन्यांनी असा एक प्रश्न पाठवता आणि संपादक तो माझ्याकडे ढकलतात.

तुरीयाला मी हात लावत नाही. सुषुप्तीचं सांगते. २००५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला मासिमिनी आणि सहकाऱ्यांनी डोक्याबाहेरून चुंबकानं मेंदूच्या एका जागी टिचकी मारली. माणूस जागा असताना ती टिचकी दूरदूरच्या भागांत घुमत फिरली. गाढ झोपेत तीच टिचकी जिथल्या तिथे विझली. मेंदू बंद नव्हता, पेशी काम करत होत्या, एकमेकींशी बोलत नव्हत्या. आपल्या पूर्व भागातल्या मागांसारखं म्हणा: प्रत्येक घरातून खडखड चालू आहे, पण गल्लीची सभा भरलेली नाही. ‘मी’ हा त्या सभेचा ठराव असावा असं मानणारे बरेच शास्त्रज्ञ आज आहेत.

पतंजलीनं मात्र हे सरळ ‘काहीच नाही’ असं सोडलेलं नाही, आणि मला ते हुशारीचं वाटतं. ‘अभावप्रत्ययालम्बना वृत्तिर्निद्रा’, म्हणजे झोप हीसुद्धा एक वृत्तीच, अभावाला धरून राहणारी. भाष्यकार त्याला पुरावा देतात तो घरगुती आहे: उठल्यावर माणूस म्हणतो ‘सुखमहमस्वाप्सम्’, छान झोपलो. कुणी अनुभवलंच नसेल तर आठवतंय कुणाला? प्रयोगशाळेतही नंतर दिसलं की आरईएम नसलेल्या झोपेतून उठवलं तरी काही जण स्वप्न सांगतात, आणि काही जण म्हणतात, काहीतरी होतं, काय ते सांगता येत नाही. हे ‘काहीतरी होतं’ कुठल्या कप्प्यात घालायचं यावर आज भांडण चालू आहे. तुमच्या कट्ट्यावरही चालू द्या. फक्त दुपारचे दोन तास झोपून रात्री मला ‘सुषुप्ती लाभत नाही’ असं पत्र पाठवू नका, मागच्या वेळी पाठवलं होतं.

‘आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री दीड-दोनला. मोटार लावायला, पिंप भरायला मी उठते. तासाभरानं पडले की झोप येत नाही. सकाळी साडेपाचला डबे.’
(गृहिणी, अशोक चौक)

पाण्याच्या रात्री साडेनऊला पडा, मालिका राहू द्या. दोनपर्यंत गाढ झोपेचा मोठा वाटा पदरात पडतो, जातो तो पहाटेचा स्वप्नांचा. उठल्यावर मोठा दिवा लावू नका, मोरीतला एकच पुरे. पिंप भरेपर्यंत मोबाइल बघू नका, उजेड डोळ्यांत गेला की मेंदू सकाळ झाली समजतो. पुन्हा पडल्यावर घड्याळाकडे पाठ करा. ‘अजून अडीच तास’ हा हिशेब झोपेचा शत्रू. नाहीच लागली तर उठून बसा, काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की पडा. दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटं, जास्त नाही.

आणि घरात दुसरं कुणी उठत नाही का? मोटारीचं बटण दाबायला बाईचाच हात लागतो असं कुठल्या कंपनीनं छापलेलं नाही. एक आड एक पाळी लावा, यजमान किंवा मुलगा. पहिल्या वेळी त्यांना जाग येणार नाही, टाकी भरून वाहू लागेल. तुम्ही उठू नका. हे मी लिहिते खरं. सोलापुरात राहून पाणी वाहून जाताना ऐकत पडून राहणं मला अजून एकदाही जमलेलं नाही.